अंगणातली गंजकी जीप : भंगार की गाडी?

मैत्रिणींनो, तुमच्यापैकी कितीतरी जणींच्या अंगणात, नाहीतर सासरच्या गावी गोठ्याशेजारी, सासऱ्यांच्या वेळची एखादी जीप ताडपत्रीखाली उभी असेल. टपावर कोंबड्या, आत कांद्याच्या गोणी! भंगारवाला अधूनमधून भाव सांगून जातो आणि घरातले पुरुष दर दिवाळीला म्हणतात, "यंदा करूच नीट!" पण कितीत, ते कुणी बोलत नाही. पैसे मात्र शेवटी मुलांच्या फीसाठी, दुखण्याखुपण्यासाठी राखलेल्या शिलकीतूनच जातात. म्हणून ह्या कामात तुम्ही लक्ष घालायलाच हवं. गाडी चालवता येत नाही म्हणता? घर चालवता येतं ना, तेवढं पुरे.

महिंद्रांनी विलीज जीप आपल्या रस्त्यांवर आणली १९४७ साली. ह्या जुन्या जीपांची बांधणी साधी असते. खाली लोखंडी सांगाडा, म्हणजे चासी, आणि त्यावर पत्र्याची बॉडी. पत्रा कापून नवा लावता येतो. चासी कुजली असेल तर मात्र खर्चाला अंत नाही.

आधी कागद, मग पाना

खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढे गाडी तपासून पाच-पाच वर्षांसाठी ती वाढवून घ्यावी लागते. फी, पर्यावरण कर आणि राहिलेला दंड किती, हे आर.टी.ओ.त आधी विचारून या. चासीवर कोरलेला नंबर आर.सी. बुकाशी जुळतो ना, तेही पाहा. पुष्कळ जीपांत मूळचं पेट्रोल इंजिन काढून डिझेलचं बसवलेलं असतं. त्याची नोंद बुकात नसेल, तर सगळी मेहनत पाण्यात.

स्क्रू-ड्रायव्हरची परीक्षा

ओल आलेल्या भिंतीला रंग दिला तर काय होतं, हे तुम्हाला सांगायला नको. गंजाचंही तसंच. लोखंड, पाणी आणि हवा एकत्र आली की गंज चढतो. कोकणातल्या खाऱ्या हवेत तर फारच लवकर. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, म्हणून वरचा रंग फुगतो. फुगा दिसला की आत पोखरलंय समजा.

मॅट उचला. सीटखालचा पत्रा, पाटे चासीला जोडलेले असतात ती जागा आणि स्टिअरिंगचा डबा बसवलेला भाग इथे स्क्रू-ड्रायव्हर दाबून पाहा. हातोडीने हलकेच ठोका. खणखणीत आवाज आला तर ठीक. भद्द आवाज आला किंवा टोक आत गेलं, तर तिथे वेल्डिंग आलंच. चासी ठिकठिकाणी अशी निघाली, तर सासऱ्यांची आठवण फोटोत जपा आणि गाडी मान्यताप्राप्त केंद्रातच मोडीत काढून नोंदणी रद्द करून घ्या.

पैसा कुठे आधी?

वहीत क्रम लिहा: चासी, ब्रेक, स्टिअरिंग, टायर, वायरिंग, इंजिन, पत्रा आणि रंग सगळ्यांत शेवटी. गॅरेजवाला रंगापासून सुरुवात करू म्हणाला, तर सरळ नाही म्हणा. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेतं, त्यामुळे वर्षानुवर्षं उभ्या गाडीतलं ऑइल आणि ब्रेकची रबरं बदलायलाच हवीत. टायरची नक्षी छान दिसते म्हणून भुलू नका. कडेला चार आकडे असतात: '२३१५' म्हणजे २०१५ सालचा तेविसावा आठवडा. त्यावरून टायरचं वय कळतं. गॅरेजवाला सांगेल त्या आकड्यावर निदान एक तृतीयांश रक्कम जास्त धरा, कारण पत्रा उचलल्याशिवाय खालचा गंज दिसत नाही.

घरी करण्यासारखं

बिजागऱ्या, कड्या असं लोखंडी बारीकसारीक सामान प्लॅस्टिकच्या जुन्या डब्यात पांढऱ्या व्हिनेगरमध्ये रात्रभर बुडवा. सकाळी ब्रशने घासा, खायचा सोडा घातलेल्या पाण्याने धुवा, लगेच कोरडं करून तेलाचा हात फिरवा. तो डबा पुन्हा स्वयंपाकघरात आणू नका. ब्रेक-स्टिअरिंगचे बोल्ट मात्र नवेच घ्या. सुटे नट-बोल्ट लोणच्याच्या रिकाम्या बरण्यांत, चिठ्ठी लावून ठेवा. शोधाशोधीत मजुरीचे तास जात नाहीत.

पत्र्यावरचा वरवरचा गंज तारेच्या ब्रशने आणि पॉलिश पेपरने चकचकीत लोखंड दिसेपर्यंत घासा आणि त्याच दिवशी रेड ऑक्साइड मारा. उघडं लोखंड दमट हवेत लगेच पुन्हा गंजतं, म्हणून हे काम पावसाळ्यात नको. भोकावर नुसती लांबी भरून रंग देणं म्हणजे फाटक्या चादरीला इस्त्री! जुन्या रंगात शिसं असू शकतं, तेव्हा नाकाला मास्क लावा आणि मुलांना दूर ठेवा.

हे कधीच नको

पेट्रोलची टाकी रिकामी दिसली तरी घरी तिला वेल्डिंग करू देऊ नका. आत राहिलेल्या वाफेचा स्फोट होतो. जॅकवर उचललेल्या गाडीखाली कुणालाही शिरू देऊ नका. आधी भक्कम घोड्या लावायला सांगा.

दर शनिवारी वही उघडा, पावत्या चिकटवा. ठरवलेली रक्कम संपली की काम तिथेच थांबवा; इतकी वर्षं उभी होती, आणखी चार महिने थांबेल. आणि रंग कोणता? तो तुम्हीच निवडा. पण ब्रेक दाबल्यावर गाडी जागच्या जागी उभी राहिली, की मगच!