प्रांतांनी घडवलेले फुटबॉल : दक्षिण जर्मन लीगचा आढावा

जर्मन फुटबॉलचा इतिहास सांगताना बहुधा २४ ऑगस्ट १९६३ या दिवसापासून सुरुवात केली जाते. त्या दिवशी बुंडेसलिगाचे पहिले सामने झाले आणि साऱ्या पश्चिम जर्मनीची मिळून एक लीग सुरू झाली. त्याआधीचा साठ-पासष्ट वर्षांचा काळ प्रांतोप्रांतीच्या लीगचा होता. देशाला एकत्र खेळणे जमत नव्हते म्हणून पत्करलेली तात्पुरती सोय, असे त्या काळाचे वर्णन होते. हे वर्णन मला चुकीचे वाटते. जर्मन फुटबॉलचा कस, त्यातली शिस्त आणि चुरस राष्ट्रीय लीगने निर्माण केली नाही; ती प्रांतिक लीगमध्ये आधीच तयार झाली होती. याचा सर्वांत भक्कम पुरावा १८९८ ते १९३३ या काळातल्या दक्षिण जर्मन अजिंक्यपद स्पर्धेत सापडतो.

या स्पर्धेचा उगम बाडेनची राजधानी कार्ल्सरुहे येथे झाला. बर्लिनमध्ये जन्मलेला आणि स्वित्झर्लंडमधल्या शाळेत फुटबॉलची गोडी लागलेला वाल्टर बेन्झेमान हा ज्यू तरुण तिथे शिकायला आला. १८९१ मध्ये, अवघ्या अठराव्या वर्षी, त्याने कार्ल्सरुहर एफव्ही या क्लबची स्थापना केली. तेव्हा जर्मनीत जिम्नॅस्टिक्सला राष्ट्रीय व्यायामाचे स्थान होते आणि फुटबॉलला ‘इंग्रजांचा रोग’ म्हणून हिणवले जाई. स्टुटगार्टमधले शिक्षक कार्ल प्लांक यांनी १८९८ मध्ये या खेळाविरुद्ध एक जळजळीत पुस्तिकाच लिहिली. अशा वातावरणात, १८९७ च्या ऑक्टोबरमध्ये, दक्षिणेतल्या आठ क्लबांनी कार्ल्सरुहे येथे एकत्र येऊन आपली संघटना उभारली. जर्मन फुटबॉल महासंघ म्हणजे डीएफबी लाइपझिगला जन्माला आला तो २८ जानेवारी १९०० रोजी, सव्वादोन वर्षांनंतर. दक्षिणेची पहिली अजिंक्यपद स्पर्धा त्याआधीच पार पडली होती आणि तिच्यात फ्रायबुर्गच्या क्लबने बाजी मारली होती. क्रम लक्षात घेण्याजोगा आहे : आधी प्रांत संघटित झाला, देश नंतर.

राष्ट्रीय स्पर्धेची सुरुवात मात्र डळमळीत झाली. प्रांतांचे विजेते हंगामाच्या शेवटी बाद पद्धतीने एकमेकांशी खेळत आणि त्यातून देशाचा विजेता ठरे. १९०३ च्या पहिल्याच स्पर्धेत कार्ल्सरुहर एफव्हीला सामना पुढे ढकलल्याची तार आली. ती बनावट होती, पण तिच्यावर विसंबून संघ निघालाच नाही आणि प्रतिस्पर्धी डीएफसी प्राग न खेळता अंतिम सामन्यात पोहोचला. तिथे व्हीएफबी लाइपझिगने प्रागचा ७-२ असा पराभव केला. पुढच्या वर्षी बर्लिनच्या ब्रिटानियाविरुद्धचा सामना तटस्थ मैदानावर न घेता बर्लिनलाच घेतला गेला. कार्ल्सरुहेने त्याविरुद्ध तक्रार केली आणि अखेर अंतिम सामना तोंडावर असताना सारी स्पर्धाच रद्द झाली. राष्ट्रीय पातळीवर असा गोंधळ चालू असताना प्रांतातल्या लीगचे सामने दर रविवारी होत होते. खेळाडू हौशी होते, नोकरी किंवा शिक्षण सांभाळून खेळत होते आणि आगगाडीचे भाडे क्लबलाच सोसावे लागे. सकाळी निघून रात्री घरी परतता येईल एवढ्या अंतरावरचा प्रतिस्पर्धी हीच त्या काळातली खरी लीग होती.

या जवळिकीने काय साधले ते आकड्यांतून दिसते. १९०५ ते १९१० या सहा वर्षांत राष्ट्रीय स्पर्धेच्या प्रत्येक अंतिम सामन्यात एक संघ दक्षिणेचा होता : अनुक्रमे कार्ल्सरुहर एफव्ही, फोर्झहाइम, फ्रायबुर्ग, स्टुटगार्टर किकर्स, फिनिक्स कार्ल्सरुहे आणि पुन्हा कार्ल्सरुहर एफव्ही. सहा वर्षांत पाच वेगवेगळे क्लब, आणि पाचही बाडेन-वुर्टेम्बर्गच्या एकाच टापूतले, एकमेकांशी नेहमी भिडणारे. यांपैकी फ्रायबुर्ग १९०७ मध्ये, फिनिक्स १९०९ मध्ये आणि कार्ल्सरुहर एफव्ही १९१० मध्ये देशाचा विजेता ठरला. एकाच क्लबचे वर्चस्व असते तर त्याचे श्रेय एखाद्या प्रतिभावान पिढीला देता आले असते. पाच क्लब एकाच वेळी वर येतात तेव्हा श्रेय त्यांच्यातल्या स्पर्धेला द्यावे लागते. शेजारच्या गावाचा संघ नवी चाल शिकून आला की पुढच्या महिन्यात आपल्यालाही ती शिकावी लागे. बाहेरचे ज्ञान स्वीकारायलाही हा प्रांत कचरला नाही. १८९० च्या एफए कपच्या अंतिम सामन्यात ब्लॅकबर्न रोव्हर्सकडून तीन गोल करणारे विल्यम टाउनली हे कार्ल्सरुहेचे प्रशिक्षक झाले आणि छोट्या, जमिनीलगतच्या पासांचा खेळ त्यांनी इथे रुजवला. पुढे फ्युर्थला १९१४ चे राष्ट्रीय विजेतेपद मिळाले तेही त्यांच्याच हाताखाली.

याचा फायदा देशाच्या संघालाही झाला. १९०९ मध्ये इंग्लंडच्या हौशी संघाने ऑक्सफर्डला जर्मनीचा ९-० असा धुव्वा उडवला होता. तीन वर्षांनी, मार्च १९१२ मध्ये, नेदरलँड्सविरुद्धच्या ५-५ अशा बरोबरीत कार्ल्सरुहेच्या युलियुस हिर्शने एकट्याने चार गोल केले. त्याच उन्हाळ्यात स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये जर्मनीने रशियाला १६-० असे हरवले तेव्हा त्यांतले दहा गोल त्याच क्लबच्या गॉटफ्रीड फुक्सचे होते. एका प्रांतिक क्लबच्या आघाडीच्या फळीतले हे दोन खेळाडू.

पहिल्या महायुद्धानंतर दक्षिणेचे केंद्र पूर्वेकडे सरकले. न्यूरेंबर्ग आणि फ्युर्थ ही बव्हेरियातली अगदी लागून असलेली शहरे. १९२० ते १९३२ या काळात देशाचे विजेतेपद बारा वेळा दिले गेले; १९२२ मध्ये दोनदा खेळूनही निर्णय लागला नाही. या बारांपैकी न्यूरेंबर्गने पाच आणि फ्युर्थने दोन जिंकली, तर १९३२ चे बायर्न म्युनिकने. म्हणजे दोन तृतीयांश विजेतेपदे एकट्या दक्षिणेकडे गेली. एप्रिल १९२४ मध्ये ॲमस्टरडॅमला उतरलेला जर्मन संघ तर सगळाच या दोन क्लबांतल्या खेळाडूंचा होता. त्यांच्यातले वैर इतके विकोपाला गेले होते की दोन्ही गटांनी आगगाडीच्या वेगवेगळ्या डब्यांतून प्रवास केला. तरीही त्यांनी नेदरलँड्सला १-० असे हरवले.

यावर पहिला आक्षेप असा की हीच प्रांतिकता पुढे अडसर ठरली. डीएफबीचे अध्यक्ष फेलिक्स लिनेमान यांनी १९३२ मध्ये राष्ट्रीय लीगची कल्पना मांडली, तिला प्रांतिक संघटनांचा विरोध झाला आणि देशाला आणखी तीन दशके थांबावे लागले. शिवाय १९२७ नंतर दक्षिणेने आपली लीग आठ गटांत विभागली, त्यामुळे बलाढ्य संघांना दुबळ्या प्रतिस्पर्ध्यांशी वारंवार खेळावे लागले. हा दुसरा मुद्दा मला पूर्णपणे मान्य आहे. फोर्झहाइम आणि कार्ल्सरुहेच्या काळातली दाटी विरळ झाली की लीगचा कस उतरतो. माझ्या प्रतिपादनाला हा दाखला पुष्टीच देतो. पहिल्या मुद्द्याला मात्र १९५४ सालाने उत्तर दिले आहे. त्या वर्षी पश्चिम जर्मनीने बर्न येथे बलाढ्य हंगेरीला ३-२ असे हरवून विश्वचषक जिंकला, तेव्हा देशात राष्ट्रीय लीग नव्हती. पाच प्रांतिक ओबरलिगा होत्या. अंतिम सामन्यातले पाच खेळाडू कायझर्सलाउटर्न या एकाच क्लबचे होते आणि तो क्लब नैर्ऋत्य ओबरलिगात खेळत होता. १९६२ च्या जुलैमध्ये डॉर्टमुंडला १०३ विरुद्ध २६ मतांनी बुंडेसलिगाचा ठराव झाला आणि तिचे सोळा क्लब याच पाच ओबरलिगांतून निवडले गेले. म्हणून बुंडेसलिगाने खेळाला पैसा, व्यावसायिकता आणि देशभरचा प्रेक्षक दिला असे म्हणणे योग्य. गुणवत्ता दिली असे म्हणणे अतिशयोक्तीचे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो खेळाच्या नव्हे, नीतीच्या अंगाने येतो. शेजाऱ्यांच्या ओळखीवर उभी असलेली लीग माणसांना बांधून ठेवते असे म्हणायचे, तर संकटाच्या वेळी तिने कुणाला बांधून ठेवले? ९ एप्रिल १९३३ रोजी दक्षिण जर्मन स्पर्धेच्या शेवटच्या फेरीतल्या चौदा क्लबांनी स्टुटगार्टला एक निवेदन काढले. नव्या नाझी सत्तेला सहकार्य करू आणि ज्यूंना क्लबांतून दूर करू, असा त्याचा आशय होता. त्यासाठी तेव्हा कोणताही कायदा त्यांना भाग पाडत नव्हता. त्या चौदा क्लबांत न्यूरेंबर्ग होता, कार्ल्सरुहर एफव्ही होता आणि ज्याचे ज्यू अध्यक्ष कुर्ट लांडाउअर यांना काही दिवस आधीच पद सोडावे लागले होते तो बायर्नही होता. वर्तमानपत्रात ही बातमी वाचून युलियुस हिर्शने तीस वर्षांहून जुन्या आपल्या क्लबचा राजीनामा पाठवला. बेन्झेमानने १९२० मध्ये ‘किकर’ हे साप्ताहिक सुरू केले होते. ते सोडून त्याला स्वित्झर्लंड गाठावे लागले आणि १९३४ मध्ये तिथेच त्याचे निधन झाले. फुक्स कॅनडात पोहोचून वाचला. हिर्शला मार्च १९४३ मध्ये कार्ल्सरुहेहून ऑश्विट्झला पाठवण्यात आले, तिथून तो परतला नाही. त्याच १९३३ मध्ये दक्षिणेची संघटना मोडीत काढून तिच्या जागी सरकारने आखलेल्या गाउलिगा आणल्या गेल्या. जिच्या क्लबांनी आपल्या माणसांना सोडले, ती लीगही टिकली नाही.

हा आक्षेप खोडून काढता येत नाही आणि तसा प्रयत्नही करू नये. जवळीक गुणवत्ता घडवते हे कार्ल्सरुहे आणि न्यूरेंबर्गने सिद्ध केले. जवळीक आपोआप धैर्य देत नाही हेही त्यांनीच सिद्ध केले. या दोन गोष्टी एकत्र सांगितल्या तरच दक्षिण जर्मन लीगचा इतिहास पूर्ण होतो. या लीगने जर्मन फुटबॉलचा पाया घातला हे श्रेय तिला निःसंकोच द्यायला हवे, आणि तो पाया घालणाऱ्यांत बेन्झेमान, फुक्स आणि हिर्श होते हे प्रत्येक वेळी नावानिशी सांगायला हवे. वंशद्वेषाविरुद्ध काम करणाऱ्यांना डीएफबी २००५ पासून दरवर्षी जो पुरस्कार देते, तो युलियुस हिर्शच्या नावाचा आहे.