सागाची उंची सांगते जमिनीची कुवत

समजा, एकाच रोपवाटिकेतली सागाची रोपे एकाच पावसाळ्यात दोन शेतांत लावली. दहा वर्षांनी एका शेतातली झाडे पंधरा मीटरवर गेली, दुसऱ्यातली आठ मीटरवरच रेंगाळली. निगा सारखीच असेल, तर हा फरक जमिनीचा. पण जमिनीची ही कुवत मोजायची कशी?

वनशास्त्र सांगते, घेर नव्हे, उंची पाहा. दाट लागवडीत झाडे सडपातळ राहतात, विरळणी केली की जाड होतात. म्हणजे घेर बराचसा माणसाच्या हाती. जोमदार झाडांच्या उंचीवर मात्र दाटीचा फारसा परिणाम होत नाही. ती मुख्यतः मातीची खोली, पाणी आणि निचरा यांवर ठरते. म्हणून हेक्टरी सर्वांत जाड शंभर झाडांची सरासरी उंची घेतात; आपल्या हिशेबात साधारण गुंठ्याला एक झाड. ठरावीक वयाला ही उंची किती भरेल, तो आकडा म्हणजे त्या जागेचा निर्देशांक.

वय आणि उंचीचा आलेख सरळ रेषेत चढत नाही. साग सुरुवातीला झपाट्याने वाढतो, मग वेग मंदावतो. कोवळ्या झाडांचा वेग पुढे ताणून केलेला हिशेब म्हणूनच फसतो. १९९०च्या दशकात सागवान योजनांनी भरमसाट परताव्याची स्वप्ने विकली. अशा सामूहिक गुंतवणूक योजनांसाठी सेबीला १९९९ मध्ये नियम करावे लागले.

खरा आलेख काढायला जुन्या नोंदी लागतात. केरळमधल्या निलंबूरला सागाची लागवड १८४०च्या दशकातच सुरू झाली. भारत आणि ब्रह्मदेशातल्या लागवडींचे उत्पादन-तक्ते १९४० मध्ये निघाले. उष्ण प्रदेशातल्या बऱ्याच झाडांत वर्षाची वलये स्पष्ट नसतात. साग मात्र कोरड्या ऋतूत पाने गाळतो, त्यामुळे त्याच्या खोडात मागची वाढ वाचता येते. तरीही एका प्रदेशाचा आलेख दुसऱ्या प्रदेशाला जसाच्या तसा लावता येत नाही. शिवाय पाऊसमान बदलले, तर जुना आलेखही पुन्हा तपासावा लागतो.

साग लावायचा विचार असेल, तर आधी आपल्यासारख्याच जमिनीवरची दहा-पंधरा वर्षांची लागवड पाहून या. बांधावरचे एकटे झाड नमुना धरू नका. त्याला ऊन आणि जागा मोकळी मिळते. पाणी साचणारी किंवा उथळ मुरमाड जमीन असेल, तर सागाचा हट्ट सोडलेला बरा. चूक कळायला दहा वर्षे लागतात, आणि तेवढ्या वर्षांचे पीकही हातचे गेलेले असते.