राजा आणि कवड्या

आमच्या घरी पाच शेळ्या आहेत. सगळ्या उस्मानाबादी. रंग काळा, कान लांब लोंबते. गेल्या पावसाळ्यात आमची दोन करडं मेली. आधी त्यांची वाढ थांबली, मग एकाच्या जबड्याखाली पाण्याची पिशवी लोंबायला लागली. आज्जी म्हणाली दृष्ट लागली. तिने मीठमोहऱ्या ओवाळून टाकल्या. पण करडू गेलं ते गेलंच. मग दवाखान्याचे डॉक्टर म्हणाले, "दृष्ट नाही आज्जी, जंत आहेत."

हा जंत शेळीच्या चौथ्या पोटात राहतो आणि रक्त पितो. मादी आपल्या पट्टीवर २ ते ३ सेंटिमीटर भरते. ती लाल-पांढऱ्या पिळाच्या दोरीसारखी दिसते. लाल असतं ते पोटातलं रक्त. एक मादी रोज ५ ते १० हजार अंडी घालते! आपल्या शाळेत सगळी मिळून शंभर मुलंसुद्धा नाहीत. अंडी लेंड्यांतून बाहेर पडतात. पावसात ती फुटून बारीक अळ्या होतात, त्या डोळ्यांना दिसत नाहीत. ओल्या गवतावर त्या थोड्या वर चढतात. शेळीने ते गवत खाल्लं की अळ्या पोटात गेल्या. तीन आठवड्यांत त्यांचे मोठे जंत होऊन पुन्हा अंडी सुरू. म्हणून आम्ही आता दहिवर सुकल्यावरच शेळ्या सोडतो. बाभळीचा, बोरीचा पाला उंच असतो, तिथपर्यंत अळ्या चढत नाहीत.

यंदा अक्षय्य तृतीयेच्या सुमारास दोन बोकडं झाली. राजा एकटाच झाला. कवड्या जुळा, त्याच्याबरोबर एक पाट. त्याच्या कानांवर पांढरे ठिपके आहेत. राजा माझा लाडका. आबा म्हणाले, यातला एक पैदाशीला ठेवायचा, दुसरा बाजारात. मी म्हणालो राजाच ठेवा. डॉक्टर म्हणाले, "नुसतं बघून ठरवू नको, वजन कर, वहीत लिही."

आम्ही ताणकाटा जांभळीला टांगला. करडू गोणपाटाच्या झोळीत घालायचं आणि काटा वाचायचा. ते हलतं, म्हणून आकडा पटकन दिसत नाही. राजा जन्मला तेव्हा २ किलो ४०० ग्रॅम होता, ९० दिवसांनी ९ किलो ६०० ग्रॅम. म्हणजे ७२०० ग्रॅम वाढ. भागिले ९०, उत्तर रोज ८० ग्रॅम. कवड्या २ किलो १०० वरून ८ किलो ४०० झाला. त्याची वाढ रोज ७० ग्रॅम. (हा भागाकार मी स्वतः केला.) मी उड्या मारल्या. पण डॉक्टर म्हणाले, राजाला आईचं सगळं दूध एकट्याला मिळालं, कवड्याला अर्धं. त्यामुळे तुलना सारखी झाली नाही. हे मला तेव्हा आवडलं नाही.

मग श्रावण आला. दोघं एकाच रानात चरत होते. डॉक्टरांकडे एक कार्ड आहे, ते दक्षिण आफ्रिकेत तयार झालं. त्यावर डोळ्याच्या आतल्या बाजूचे पाच रंग आहेत. एक नंबर लालभडक, पाच नंबर पांढराफटक. शेळीची खालची पापणी अलगद ओढायची, उजेडात रंग बघायचा आणि कार्डाशी जुळवायचा. रक्त कमी झालं की रंग उडतो. कवड्याचा दोन नंबर आला. राजाचा चार. मी दुसऱ्या डोळ्यात पाहिलं, तिथंही चारच. काट्यावर तर त्या ३० दिवसांत राजा फक्त ३०० ग्रॅम वाढला होता आणि कवड्या १ किलो ८०० ग्रॅम. कवड्या पुढे गेला! लेंड्या दवाखान्यात नेल्या. सूक्ष्मदर्शकात राजाच्या लेंड्यांत पुष्कळ अंडी दिसली, कवड्याच्या थोडी.

राजाला लगेच औषध पाजलं. औषध वजनावर असतं. अंदाजाने कमी पाजलं तर काही जंत मरत नाहीत, आणि उरतात ते निगरगट्ट. सगळ्या शेळ्यांना सारखंसारखं पाजलं तरी तेच होतं. म्हणून आम्ही फिक्या डोळ्याच्यांनाच पाजतो. कळपात थोड्याच शेळ्यांच्या पोटात बहुतेक जंत असतात, असं डॉक्टरांनी सांगितलं. जंतांना दाद न देण्याचा गुण थोडाफार पिल्लांतही उतरतो. कवड्याच्या आईचा डोळा दर पावसाळ्यात लालच असतो, हे आज्जीलाही आठवलं.

आबांनी कवड्याला ठेवायचं ठरवलं. त्याच्या आईला आणि बहिणीला मात्र त्याला लावायचं नाही. मी दोन दिवस आबांशी बोललो नाही. आई म्हणाली, "आरं, राजाची पिल्लं पन अशीच पांढरी पडली तर?" मग मी गप्प बसलो.

दिवाळीच्या सुट्टीत राजाचं वजन १३ किलो भरलं, कवड्याचं १४. राजाचा डोळा आता दोन नंबर आहे. त्याला अजून विकलेलं नाही.

दर रविवारी सकाळी काटा आमच्या जांभळीला टांगलेला असतो. कुणाला आपलं करडू तोलायचं असेल तर घेऊन या, गोणपाट आमचं आहे.

— इयत्ता चौथी