प्लेअर नवा की चष्मा नवा?

दिवाळीत भिंतीवर ५५ इंची टीव्ही येतो आणि त्याखालचा जुना डीव्हीडी प्लेअर एकदम केविलवाणा दिसू लागतो. लावलेल्या सिनेमातले चेहरे धूसर वाटतात. दुकानदार सांगतो, ‘आता ब्ल्यू-रे घ्या, चित्र आरशासारखं दिसेल.’ घरातले आजोबा मात्र म्हणतात, ‘मला तर दोन्हींत काही फरक दिसत नाही.’ दोघेही खरे बोलत असतात.

दोन्ही तबकड्या १२ सेंटिमीटरच्याच. मुख्य फरक लेझरच्या रंगात आहे. डीव्हीडी वाचणारा लेझर लाल, ६५० नॅनोमीटर तरंगलांबीचा. ब्ल्यू-रेचा ४०५ नॅनोमीटरचा, म्हणजे खरे तर निळ्यापेक्षा जांभळाच. तरंगलांबी कमी झाली की प्रकाशाचा ठिपका अधिक बारीक करता येतो आणि खुणा जास्त दाटीने बसवता येतात. आपल्या रक्तातली तांबडी पेशी साधारण साडेसात मायक्रॉन रुंद असते. तेवढ्या जागेत डीव्हीडीच्या दहा ओळी मावतात, ब्ल्यू-रेच्या तेवीस. म्हणून डीव्हीडीच्या एका थरावर ४.७ जीबी मजकूर राहतो, तर ब्ल्यू-रेच्या एका थरावर २५ जीबी. पडद्यावर त्याचा अर्थ असा, की आपल्याकडच्या डीव्हीडीचे चित्र ५७६ आडव्या रेषांचे असते आणि ब्ल्यू-रेचे १०८०. (या लेझरने डोळे बिघडतात का, असे काही जण विचारतात. तो बंद पेटीत असतो, बाहेर येत नाही. पेटी उघडून आत डोकावू नये, एवढेच.)

पण चित्र शेवटी पाहतो तो डोळा, आणि त्यालाही मर्यादा आहे. दृष्टी ६/६ असलेला डोळा एका अंशाच्या साठाव्या भागाइतके बारीक तपशील वेगळे ओळखतो. काही तरुण डोळे याहून थोडे सरस असतात. या मापाने हिशेब केला, तर ३२ इंची टीव्हीवर डीव्हीडीच्या रेषा साधारण आठ फुटांपलीकडे एकमेकींत मिसळून जातात. तिथून पाहणाऱ्याला जास्तीच्या रेषांचा उपयोग जवळजवळ शून्य. ५५ इंची पडद्यावर मात्र ही सीमा साडेतेरा फुटांवर जाते. आपल्या फ्लॅटमधला सोफा बहुधा आठ-दहा फुटांवरच असतो, म्हणून टीव्ही मोठा झाला की जुनी तबकडी अचानक धूसर वाटते.

आता आजोबांकडे वळू. दृष्टी ६/१२ असेल तर साडेतेरा फुटांची सीमा निम्मी होते, सात फुटांच्याही आत येते. सोफ्यावर बसून त्यांना डीव्हीडी आणि ब्ल्यू-रे यांतल्या रेषांचा फरक दिसणारच नाही. ब्ल्यू-रेचे रंग अधिक भरीव असतात, वेगवान दृश्यांत चित्राचे चौकोन पडत नाहीत, हे खरे. पण मोतीबिंदू असेल तर उजेड डोळ्यातच विखुरतो आणि हा फायदाही पुष्कळसा वाया जातो. अशा घरात हजारो रुपयांच्या प्लेअरआधी डोळ्यांची तपासणी व्हायला हवी. चष्म्याचा नंबर बदलल्याचे कित्येकांना वर्षानुवर्षे कळत नाही, कारण एक डोळा दुसऱ्याची उणीव झाकत राहतो.

घरच्या घरी करण्याजोगी एक सोपी गोष्ट आहे. नेहमीच्या जागी, नेहमीचा चष्मा लावून बसावे. एक डोळा तळहाताने झाकून बातम्यांच्या वाहिनीवरची खालची पट्टी वाचावी, मग दुसरा झाकून वाचावी. एका डोळ्याने अक्षरे पुसट दिसली, तर दोष प्लेअरचा नाही. सरकारी रुग्णालयात तपासणी होते आणि मोतीबिंदूची शस्त्रक्रियाही मोफत होते. दिसणे एकाएकी कमी झाले असेल, तर मात्र टीव्हीची परीक्षा करत बसू नये, त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

डोळे चांगले आहेत, टीव्ही मोठा आहे आणि सिनेमे विकत घेऊन पाहण्याची आवड आहे, अशांनी ब्ल्यू-रे जरूर घ्यावा. त्यात डीव्हीडीही चालते. उलट होत नाही. मात्र जुन्या डीव्हीडीत नसलेला तपशील नवा प्लेअर निर्माण करू शकत नाही. हलवून काढलेला एक्स-रे कितीही मोठा केला तरी त्यात बारीक भेग दिसत नाही, तसेच हे. जुना प्लेअर पिवळ्या-लाल-पांढऱ्या वायरींनी जोडलेला असेल, तर एचडीएमआयचा साधा डीव्हीडी प्लेअर घेऊनही चित्र बरेच सुधारते. आणखी एक अडचण मराठी घरांतली: अनेकांकडे जुन्या नाटकांच्या व्हीसीडी आहेत. सगळे ब्ल्यू-रे प्लेअर त्या चालवतातच असे नाही, म्हणून दुकानात जाताना एखादी सोबत न्यावी. अमेरिकेहून मुलाने पाठवलेली तबकडी इथल्या प्लेअरवर चालेलच असेही नाही. तिथला आणि आपला विभाग-संकेत वेगळा आहे.

लग्न-मुंजीच्या डीव्हीडींची गोष्ट निराळी. घरी किंवा स्टुडिओत भरलेल्या तबकडीत रंगद्रव्याचा थर असतो, तो ऊन, उष्णता आणि दमटपणाने खराब होतो. कोकणातल्या आणि मुंबईतल्या हवेत तर जास्तच. प्लेअर कोणता घ्यायचा हे नंतर ठरवले तरी चालेल; या तबकड्या मऊ कापडाने मधून कडेकडे सरळ पुसून, चालताहेत तोवर हार्ड डिस्कवर उतरवून घ्याव्यात, आणि एक प्रत दुसऱ्या घरी ठेवावी.