मार्चअखेरचे हिशेब आणि स्वस्तातला सीडी बर्नर

मरोळ नाक्याजवळच्या आमच्या दुकानात नवा कॉम्प्युटर आला, तेव्हा लक्षात आले की त्याला सीडी घालायची जागाच नाही. आमचे चिरंजीव म्हणाले, "अब्बा, आता सीडी कोण वापरतं?" आम्ही त्याला कपाटातल्या सव्वाशे सीडी दाखवल्या. कापडाची डिझाइने, एम्ब्रॉयडरीचे पंचिंग, इनपेजमध्ये केलेली उर्दू लेटरहेडे आणि २००० सालापासूनचे टॅलीचे हिशेब, सारे त्यांत आहे. दुसऱ्याच दिवशी बाहेरून जोडायचा बर्नर घरी आला. व्यापारी व कारागीर बांधवांपैकी अनेकांकडे हीच स्थिती असेल, म्हणून हा अनुभव लिहीत आहोत.

सीडीची आम्हाला एवढी ओढ का, ते आधी सांगतो. २६ जुलै २००५ च्या पावसात सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाणी पडले. विहार आणि पवई तलावांचे पाणी घेऊन निघणारी मिठी मरोळवरूनच पुढे साकीनाका, कुर्ला करीत माहीमच्या खाडीला जाते. त्या संध्याकाळी आमच्या गोदामात छातीइतके पाणी होते. तागे गेले, वह्यांचा लगदा झाला, कॉम्प्युटर गाळात बसला. माल पुन्हा भरता येतो, उधारीची वही पुन्हा कशी भरणार?

मार्चअखेरच्या हिशेबाच्या आम्ही दोन सीडी केल्या होत्या. एक दुकानाच्या खणात होती, दुसरी मुंब्र्याला धाकट्या भावाच्या घरी, चौथ्या मजल्यावर. खणातल्या सीडीवर हौसेने कागदी लेबल चिकटवले होते. ते भिजून सुटले ते चंदेरी थर सोबत घेऊनच. मुंब्र्याची सीडी मात्र उघडली आणि ३१ मार्चपर्यंतची येणी-देणी हाती आली. एप्रिल ते जुलै कोरेच राहिले. त्या महिन्यांची कारागिरांची मजुरी आम्ही त्यांच्याच डायऱ्यांवरून चुकती केली. एका जरीवाल्याची डायरीही वाहून गेली होती. त्याने तोंडी सांगितली ती रक्कम आम्ही दिली. ती आमच्या अंदाजापेक्षा कमी होती, हे आजही मनाला लागून आहे.

आता बर्नरकडे वळू. आमचा पहिला बर्नर लॅमिंग्टन रोडवरून आणलेला, दोन पट वेगाचा. ७४ मिनिटांची, म्हणजे ६५० एमबीची सीडी भरायला ३७ मिनिटे लागत आणि तेवढा वेळ घरात कोणी कीबोर्डला हात लावायचा नाही असा हुकूम असे. मधेच माहितीचा ओघ तुटला की सीडी बाद. २००० साली सान्यो कंपनीने ओघ तुटला तरी तिथूनच पुढे लिहिण्याची युक्ती आणली. मग सगळ्यांनीच तशी सोय दिली. म्हणून आज महाग बर्नर घेण्यात अर्थ नाही. दोन-तीन हजारांत मिळणारा, यूएसबीने जोडायचा साधा डीव्हीडी रायटर पुरेसा आहे. तो सीडीही लिहितो. जुना माल घेताना मात्र डोळे उघडे ठेवा. 'डीव्हीडी रॉम' फक्त वाचतो. 'कॉम्बो' डीव्हीडी वाचतो पण लिहितो फक्त सीडी. ब्लू-रेच्या मोहात पडू नका. त्याच्या लिहिता येणाऱ्या डिस्क बनवणे सोनीने फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद केले.

पातळ बर्नरला वीज यूएसबीतूनच मिळते आणि लिहिताना त्याला ती जास्त लागते. अर्ध्यात बंद पडणाऱ्या बर्नरचा दोष बहुधा यातच असतो. हबमध्ये न लावता थेट कॉम्प्युटरला, शक्यतो मागच्या बाजूला लावा. दोन टोकांची वायर आली असेल तर दोन्ही टोके लावा.

डिस्कच्या बाबतीत कंजुषी नको. एकेकाळी नोएडाची मोझर बेअर जगातल्या मोठ्या डिस्क उत्पादकांत होती, पण २०१८ मध्ये ती अवसायनात गेली. तिच्या नावाचा माल कुठे दिसला तर तो किती वर्षांचा आहे याचा विचार करा. पुसून पुन्हा लिहिता येणारी आरडब्ल्यू डिस्क हिशेबाला घेऊ नका. एकदा लिहिले की बदलत नाही, हाच तर आपला फायदा. २०१७ च्या जूनमध्ये पेट्या व्हायरसने जेएनपीटीच्या एका टर्मिनलचे काम ठप्प केले होते. असा व्हायरस कॉम्प्युटरला लावून ठेवलेली पेनड्राइव्ह आणि हार्डडिस्क दोन्ही खातो. कपाटातल्या डिस्कला तो काही करू शकत नाही. डीव्हीडीवर ४.७ जीबी लिहिलेले असते आणि कॉम्प्युटर ४.३८ दाखवतो. तो मोजणीच्या पद्धतीचा फरक आहे, दुकानदाराशी भांडू नका.

लिहिताना विंडोज विचारते, डिस्क पेनड्राइव्हसारखी वापरायची की सीडी-डीव्हीडी प्लेअरसाठी. हिशेबासाठी दुसरा पर्याय घ्या. पहिल्या पर्यायाची डिस्क दुसऱ्या कॉम्प्युटरवर कधी उघडते, कधी नाही. वेग सर्वांत जास्त ठेवू नका. लिहून झाले की डिस्क काढून दुसऱ्या कॉम्प्युटरवर घाला, बॅकअप वेगळ्या फोल्डरमध्ये रिस्टोअर करा आणि एका गिऱ्हाइकाचे खाते उघडून बाकी पाहा. फाइलची नुसती नावे दिसली म्हणजे डिस्क चांगली, असे समजू नका. यात आम्ही एकदा फसलो आहोत.

वर नाव घालायचे तर पाण्याच्या शाईच्या मऊ मार्करने, बॉलपेनने नव्हे. सीडीत माहितीचा थर वरच्या, छापील बाजूलाच असतो, त्यामुळे वरचा ओरखडा खालच्यापेक्षा घातक. डीव्हीडीत तो दोन चकत्यांच्या मध्ये असतो, म्हणून आम्ही आता डीव्हीडीच वापरतो. पावसाळ्याच्या दमटपणात डिस्कला बुरशी धरते. बंद डब्यात, उन्हापासून दूर ठेवावी.

जीएसटीच्या कायद्याने हिशेब वार्षिक रिटर्नच्या मुदतीपासून ७२ महिने जपावे लागतात. २०२४-२५ चे रिटर्न ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत भरायचे होते, म्हणजे ते हिशेब २०३१ च्या डिसेंबरअखेरपर्यंत. अपील चालू असेल तर त्याहूनही पुढे. आम्ही वर्षाला दोन डिस्क करतो आणि त्यातली एक मुंब्र्यालाच जाते. शिवाय २००५ पासून दर तीन महिन्यांनी एक जादा.

सव्वाशे जुन्या सीडींपैकी अकरा वाचल्याच गेल्या नाहीत. तुमच्याकडच्या सीडी आजच काढा, त्या थांबणार नाहीत. मुंब्र्याची ती २००५ ची सीडी चौथ्या खेपेला उघडली. तिच्यात त्या जरीवाल्याचे मार्चपर्यंतचे खाते होते. दर आठवड्याला सरासरी किती मजुरी होई, ते त्यावरून निघते. तेव्हाच्या धांदलीत हे आम्हाला सुचले नव्हते. आता चार महिन्यांचा हिशेब लावला आणि फरक निघाला. तो बिहारला गावी परतला आहे. त्याच्या गावच्या एका कारागिराकडून पत्ता मागवला आहे.