हळदीचा डाग आणि बेन्झीनचे कडे

वसंतातील या दिवसांत वाशीम जिल्ह्यात आणि शेजारच्या हिंगोलीकडे हळदीची धांदल नुकतीच सरत आलेली असते. कंद खणावेत, शिजवावेत, उन्हात वाळवावेत, घासून गुळगुळीत करावेत आणि मग बाजाराची वाट धरावी, हा क्रम आपल्यापैकी पुष्कळांच्या परिचयाचा आहे. लग्नसराईही हीच. तेव्हा अशा सभेपुढे रसायनशास्त्रातील एक अवघड प्रकरण मांडावयाचे, तर त्याचा आरंभ हळदीपासूनच करावा असे आम्ही ठरविले.

हळदीचा डाग कोणत्या घरात पडत नाही? त्याविषयी तीन गोष्टी प्रत्येक गृहिणीला ठाऊक आहेत. नुसत्या पाण्याने तो जात नाही. साबण लावताच तो पिवळ्याचा तांबडा होतो. आणि तेच वस्त्र कडक उन्हात टाकले, तर इतका हट्टी डाग आपोआप फिका पडतो. या तिन्ही गोष्टींचा उलगडा हळदीतील एका द्रव्याच्या घडणीत आहे. ती घडण समजली, म्हणजे बाजारातील हळद खरी की रंगविलेली हे ओळखण्याची एक युक्तीही हाती लागते. आजच्या विवेचनात आम्हांला खरे महत्त्व वाटते ते तिचेच.

या द्रव्याचे कुळ ॲरोमॅटिक संयुगांचे. ॲरोमॅटिक म्हणजे सुवासिक. या कुळातील प्रथम हाती आलेल्या पदार्थांपैकी पुष्कळांना वास होता, म्हणून हे नाव पडले. पण आज त्याचा वासाशी संबंध उरलेला नाही. देवापुढे जळणारा कापूर घमघमतो, तरी तो या कुळातला नव्हे. ओव्यातील थायमॉल, लवंगेतील युजेनॉल आणि कपड्यांत ठेवावयाची डांबराची गोळी ही मात्र याच कुळातली. कुळाची खूण वास ही नसून एक विशिष्ट कडे ही आहे.

त्या कड्याचा मूळ नमुना म्हणजे बेन्झीन. १८२५ साली लंडनमध्ये मायकेल फॅरडे यांनी दिव्यासाठी केलेल्या वायूतून उरणाऱ्या तेलकट द्रवापासून तो वेगळा काढला. त्याच्या रेणूत कार्बनचे सहा अणू आणि हायड्रोजनचे सहा अणू असतात. कार्बनला चार हात असतात असे समजा. सहा कार्बन आणि अवघे सहा हायड्रोजन, तर उरलेल्या हातांचे काय? १८६५ साली जर्मन शास्त्रज्ञ केकुले यांनी सुचविले, की सहा कार्बन एकमेकांचे हात धरून कडे करतात आणि त्यात एक सोडून एक असे तीन ठिकाणी दुहेरी बंध असतात.

कोडे सुटले असे वाटले, परंतु एक अडचण उरली. साधा दुहेरी बंध असलेला पदार्थ ब्रोमीनच्या तांबूस पाण्यात घातला, की तो ब्रोमीनला चटकन आपल्यात सामावून घेतो आणि पाण्याचा रंग जातो. बेन्झीनमध्ये तीन दुहेरी बंध मानले, तर त्याने हे तिप्पट उत्साहाने करावयास हवे. प्रत्यक्षात तो ढिम्म राहतो.

याचे कारण हळूहळू उलगडले. १९२९ साली कॅथलीन लॉन्सडेल यांनी क्ष-किरणांच्या साह्याने बेन्झीनच्या एका संयुगाचे स्फटिक तपासले, तेव्हा हे कडे सपाट आणि सर्व बाजूंनी सारखे असल्याचे दिसले. एकेरी आणि दुहेरी बंध लांबीने भिन्न असतात. येथे मात्र सहाही बंध एकाच लांबीचे, दोहोंच्या मधले. उष्णतेच्या मोजमापानेही तेच सांगितले. सहा कार्बनांच्या कड्यातील एका साध्या दुहेरी बंधास हायड्रोजन जोडताना दर ग्रॅम-रेणूमागे सुमारे २८.६ किलोकॅलरी उष्णता बाहेर पडते. तिनांची सुमारे ८६ व्हावी. बेन्झीनपासून मिळते ती सुमारे ५० एवढीच. म्हणजे हिशेबापेक्षा सुमारे ३६ किलोकॅलरींनी हे कडे अधिक स्वस्थ आहे.

ही स्वस्थता कशाची? सहा भावांची एक सामाईक विहीर आहे अशी कल्पना करा. पाणी कोणा एकाचे नाही, सहा जणांचे आहे, आणि म्हणूनच प्रत्येकाचे रान भिजते. एकाने आपला वाटा विकून टाकला, तर सगळ्यांचीच बागायत मोडते. बेन्झीनच्या कड्यातील सहा इलेक्ट्रॉन असेच सामाईक असतात. ते दोघादोघांत वाटलेले नसून साऱ्या कड्यावर पसरलेले असतात. ब्रोमीनला जोडून घ्यावयाचे म्हणजे ही सामाईक ठेव मोडावयाची, आणि बेन्झीन ते सहसा करीत नाही.

मग हे कडे काहीच क्रिया करीत नाही काय? करते, पण स्वतःच्या रीतीने. लोखंडाचा थोडा कीस घालून ब्रोमीन दिला, तर कड्याच्या दारातील एक हायड्रोजन निघतो आणि त्याच्या जागी ब्रोमीन येतो. तीव्र नत्राम्ल व गंधकाम्ल यांच्या मिश्रणाने हायड्रोजनच्या जागी नायट्रो गट बसतो, आणि त्याचेच पुढे ॲनिलीन करता येते. दारातला पाहुणा बदलतो, विहीर तशीच राहते. ॲरोमॅटिक रसायनाचे मर्म सांगावयाचे तर ते एवढेच.

आणखी एक नियम लक्षात ठेवावा. पहिला पाहुणा दुसऱ्याची जागा ठरवितो. ऑक्सिजन-हायड्रोजनचा हायड्रॉक्सिल गट कड्याला इलेक्ट्रॉन पुरवितो, आणि नवागताला आपल्या शेजारी किंवा अगदी समोर बसवितो. नायट्रो गट उलट इलेक्ट्रॉन ओढून घेतो, त्यामुळे शेजारची व समोरची जागा ओस पडते आणि नवागत एक घर सोडून तिसऱ्या जागी जातो. या तिसऱ्या जागेला ‘मेटा’ म्हणतात. हा शब्द आपल्याला पुढे लागणार आहे.

आता हळदीकडे वळू. तिचा पिवळेपणा मुख्यतः कर्क्यूमिनमुळे येतो. १८१५ साली फोगेल आणि पेल्तिए यांनी हे द्रव्य वेगळे काढले, आणि त्याची रचना १९१० साली निश्चित झाली. त्यात दोन बेन्झीन-कडी असून सात कार्बनांच्या एका साखळीने ती जोडलेली आहेत. प्रत्येक कड्यावर एक हायड्रॉक्सिल गट आहे. इलेक्ट्रॉन एका कड्यापासून साखळीवरून दुसऱ्या कड्यापर्यंत पसरतात आणि प्रकाशातील निळा-जांभळा भाग शोषतात, म्हणून उरलेला प्रकाश आपल्याला पिवळा दिसतो.

कर्क्यूमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. म्हणून डाग पाण्याने जात नाही. साबण अल्कधर्मी असतो. तो हायड्रॉक्सिल गटातील हायड्रोजन काढून घेतो, इलेक्ट्रॉनांना अधिक मोकळीक मिळते आणि रंग तांबडा होतो. त्यावर लिंबू पिळले, तर हायड्रोजन परत येतो आणि डाग पुन्हा पिवळा दिसतो. हळदीत चुना कालवला की ती लाल होते, त्यातही हेच घडते. हळदीच्या कुंकवाच्या मुळाशीही तिच्या या रंगपालटाचाच गुण आहे.

आणि ऊन? उन्हाच्या माऱ्याने मधली साखळी तुटते, दोन कड्यांचा दुवा नाहीसा होतो आणि पिवळेपणा जातो. परंतु मोडतोडीतून जे पदार्थ मिळाले आहेत, त्यांत व्हॅनिलीन आहे, फेरुलिक आम्ल आहे, आणि या दोहोंत बेन्झीनचे कडे शाबूत आहे. साखळी तुटली, कडे टिकले. हळद उजेडात उघडी ठेवू नये असे जाणती माणसे सांगतात, ते याचसाठी.

फिकट पडलेली किंवा हलकी हळद पिवळीधमक दिसावी, म्हणून काही जण तिच्यात मेटॅनिल यलो नावाचा कृत्रिम रंग मिसळतात. तोही याच कुळातला. नायट्रोबेन्झीनवर तीव्र गंधकाम्लाची क्रिया केली, की सल्फॉनिक गट मघाच्या नियमाप्रमाणे ‘मेटा’ जागी बसतो; रंगाच्या नावाचा उगम तेथेच आहे. मग नायट्रोचा अमिनो गट करतात आणि पुढे नायट्रोजनच्या दोन अणूंचा पूल बांधून हे कडे दुसऱ्या दोन कड्यांच्या संयुगाला जोडतात. कापड व कातडे रंगविण्यास अशा रंगांचा उपयोग होतो. ही विद्या तुच्छ नव्हे. मुंबई विद्यापीठाच्या रासायनिक तंत्रज्ञान विभागात आणि पुढे पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डॉ. के. वेंकटरामन यांनी याच रंगशास्त्रावर जागतिक कीर्तीचे काम केले. पण वस्त्राचा रंग अन्नात घालावयाचा नसतो. मेटॅनिल यलोला आपल्या देशात खाद्यरंग म्हणून परवानगी नाही, आणि प्राण्यांवरील प्रयोगांत त्याचे मेंदूवर व यकृतावर अनिष्ट परिणाम आढळले आहेत.

त्याची परीक्षा रचनेतूनच निघते. सल्फॉनिक गटामुळे तो पाण्यात सहज विरघळतो; कर्क्यूमिन विरघळत नाही. पेलाभर पाण्यात चमचाभर हळद टाकून पेला हलवू नये, थोडा वेळ तसाच ठेवावा. खरी हळद तळाशी बसते आणि वरचे पाणी फिके पिवळे राहते. रंगविलेली असेल तर पाणी गडद पिवळे होते. दुसरी परीक्षा शाळेच्या प्रयोगशाळेत शिक्षकांकडूनच करवावी. चिमूटभर हळदीवर तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब टाकले की गुलाबी रंग येतो. वरून पाणी घातल्यावर तो गेला तर हळद या रंगापुरती शुद्ध. टिकून राहिला तर मेटॅनिल यलो आहे असे समजावे. मात्र एक सावधगिरी हवी. लेड क्रोमेट हा शिशाचा विषारी पिवळा रंग पाण्यात विरघळत नाही, म्हणून पेल्याची परीक्षा तो चुकवतो. शंका राहिल्यास अन्न व औषध प्रशासनाकडे जावे.

कोणी म्हणेल, मग हे कडेच घातक नव्हे काय? तसे नाही. नुसते बेन्झीन दीर्घकाळ श्वासावाटे गेले, तर अस्थिमज्जा बिघडविते आणि रक्ताचा कर्करोगही ओढवते. तेच कडे ॲस्पिरिनमध्ये आहे, पॅरासिटॅमॉलमध्ये आहे आणि आपल्या भाजीतल्या हळदीतही आहे. त्याच्या दाराशी कोण बसले आहे, यावर गुण-दोष ठरतात. ते पाहण्याचे थोडेसे ज्ञान घराघरांत पोहोचले, तर आपला शेतकरी जी हळद कष्टाने पिकवितो तिला खरी किंमत येईल आणि खाणाऱ्याच्या पोटातही खरीच हळद जाईल. आज घरी गेल्यावर पेलाभर पाणी घेऊन एवढे एकदा पाहावे, अशी आमची विनंती आहे.