हौशी छायाचित्रकारांतील परस्परपरीक्षण

मुंबईत छायाचित्रकारांची पहिली सभा १८५४ साली स्थापन झाली; डॉ. नारायण दाजी हे तिच्या एतद्देशीय सभासदांपैकी होत. पुढे १९३७ साली फोटोग्राफिक सोसायटी ऑफ इंडिया येथेच निघाली. अशा मंडळींत परस्परांच्या चित्रांचे परीक्षण हा शिक्षणाचाच भाग असतो. परंतु ‘छान’ हा अभिप्राय जितका निरुपयोगी, तितकाच ‘जमले नाही’ हाही होय. परीक्षकाने काय पाहिले, हे दोहोंतून कळत नाही.

गिरण्या चालू असतानाचे लालबागच्या चाळीचे एखादे चित्र घ्यावे. गॅलरीत मूल, वर विजेच्या तारा, कोपऱ्यात गिरणीची चिमणी. प्रदर्शनांच्या संकेतांत मुरलेला परीक्षक तारा व चिमणी कातरावयास सांगेल. मुलाच्या मुखचर्येपुरता हा सल्ला रास्तही आहे. पण चिमणीखालचे बालपणच दाखवावयाचे असेल, तर त्याने चित्राचाच घात होतो. म्हणून हेतू आधी विचारावा. मग दोषही नेमका सांगता येतो: आकाश फार उजळ छापल्याने चिमणी विरते, मोठी प्रत काढताना तेवढ्या भागास अधिक प्रकाश द्यावा. १९८२ च्या संपानंतर बहुतेक गिरण्या बंद पडल्या, चिमण्याही पाडल्या गेल्या. कातरलेल्या प्रतीत त्यांचा मागमूसही उरत नाही.

ऐकणाऱ्याने लगेच समर्थनास उभे राहू नये. हे अंमळ कठीणच. पहाटे उठून परळपर्यंत केलेली पायपीट त्याला आठवत असते, पाहणाऱ्यापुढे मात्र केवळ कागद असतो.